बांधावर झाडं लावताय? आधी दिशा, अंतर आणि सातबारा बघा. शेतात झाडं लावण्याची सविस्तर माहिती

मृग लागला की गावोगाव रोपवाटिकेपुढं रांगा लागतात. रोपं आणली जातात, बांधावर खड्डे घेतले जातात, फोटो निघतात. पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्याच बांधावर निम्म्या खड्ड्यांत वाळलेल्या काड्या दिसतात. काही ठिकाणी झाड जगतं, पण सावलीवरून शेजाऱ्याशी वाद सुरू होतो. काही ठिकाणी वीस वर्षं सांभाळलेलं झाड विकायची वेळ येते आणि सातबाऱ्यावर त्याची नोंदच नसते. या तिन्ही अडचणी लागवडीआधी थोडा विचार केला तर टळतात.

सावली कुठं पडते?

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दुपारची सावली झाडाच्या उत्तरेला पडते. आपल्या भागात डिसेंबर महिन्यात भर दुपारी १० मीटर उंचीच्या झाडाची सावली उत्तरेला साधारण ९ मीटरपर्यंत जाते. म्हणजे दक्षिण बांधावर उंच झाडं लावली तर रब्बीचा गहू-हरभरा आपलाच सावलीत येतो. उत्तर बांधावर लावली तर सावली शेजाऱ्याच्या रानात जाते.

उत्तरेला रस्ता, ओढा किंवा पडीक जागा असेल तर उंच झाडांना ती बाजू उत्तम. तसं नसेल तर उत्तर आणि दक्षिण बांधावर हदगा, शेवगा, सीताफळ अशी विरळ सावलीची किंवा बुटकी झाडं घ्यावीत आणि छाटत राहावीत. पूर्व-पश्चिम बाजूच्या झाडांची सावली सकाळ-संध्याकाळ सरकत जाते, त्यामुळे पिकाचं नुकसान कमी होतं. बांध सामाईक असेल तर खड्डा घेण्याआधी शेजाऱ्याशी बोलावं. झाड कोणाचं, फळ-लाकूड कसं वाटायचं, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सही केली तर पुढच्या पिढीचं भांडण वाचतं.

वारा अडवणारी रांग

पावसाळी वारं आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतं. त्या बाजूला झाडांची दाट रांग असेल तर उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. पीक लोळणं, फळ गळणं, जमिनीची ओल उडणं, तिन्ही कमी होतं. जळगाव भागातले केळी उत्पादक बागेभोवती शेवरी लावतात ती यासाठीच. मात्र रांग भिंतीसारखी ठोस नको, थोडी हवा आरपार गेली पाहिजे. नाहीतर वारं वरून उडी मारून पलीकडे जोरात आपटतं.

एक एकराचं चौकोनी शेत असेल तर एक बाजू साधारण ६४ मीटर भरते. पश्चिम बांधावर ३ मीटर अंतरानं लावलं तर २१-२२ रोपं पुरतात. त्याहून जास्त आणून निम्मी मरू देण्यापेक्षा तेवढीच जगवावीत.

कोणतं झाड, किती अंतर?

- शेवगा: ३ ते ४ मीटर. पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून शेंग मिळते. पाणी साचणारी जमीन चालत नाही.
- सीताफळ: ४ ते ५ मीटर. हलकी, मुरमाड जमीन चालते. शेळ्या सहसा पाल्याला तोंड लावत नाहीत.
- बांबू: ५ मीटर, म्हणजे एकरी १६० बेटं. कोरडवाहू भागात मानवेल, कोकणात माणगा. चार-पाच वर्षांनी तोड सुरू होते. मुळं वरच्या थरात पसरतात, म्हणून पिकाच्या बाजूनं चर काढावा.
- चिंच, आंबा, जांभूळ: ८ ते १० मीटर. अरुंद बांधावर नको, कोपऱ्यात, विहिरीजवळ किंवा खळ्यावर लावावं.
- साग: बांधावर २ ते ३ मीटर. लाकडाला वीस वर्षं आणि जास्त लागतात. तेवढी वाट बघायची तयारी असेल तरच घ्यावा.
- गिरिपुष्प: १ मीटर, कुंपणासाठी. हवेतला नत्र जमिनीत आणतं, कोवळा पाला हिरवळीचं खत म्हणून शेतात टाकता येतो.
- बाभूळ, लिंब: आजोबांच्या काळापासून बांधावर असलेली झाडं. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, लाकूड अवजारांना. लिंबोळीपासून फवारणीचा अर्क.

चंदनाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे झाड शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न-पाणी घेतं. म्हणून त्याच्यासोबत तूर आणि पुढं एखादं कायमचं झाड लागतंच. गाभा भरला की चोरीची भीती असते, त्यामुळे वस्तीपासून लांबच्या रानात चंदन घेणं जोखमीचं आहे.

वेडी बाभूळ लावू नये, पसरली की काढणं मुश्किल. सुबाभळीचा चारा चांगला, पण बी पडून रानभर उगवते. शेंगा धरण्याआधीच ती कापावी लागते.

खड्ड्यापासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

खड्डे एप्रिल-मे महिन्यात घ्यावेत आणि उन्हात तापू द्यावेत. आंबा-चिंचेला तीन फूट, बाकीच्यांना दीड ते दोन फूट पुरतो. वरची काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड भरावी. दोन चांगले पाऊस होऊन जमिनीत ओल उतरली की मगच रोप लावावं. पिशवी फाडून काढावी, मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ती कापावीत.

रोप मरतं ते बहुतेक वेळा पावसाळ्यात नाही, फेब्रुवारी ते मे या काळात. रब्बी निघाली की गावात गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात. त्याच वेळी बांध पेटवले जातात. म्हणून दिवाळीनंतर तीन कामं करावीत: बुंध्याभोवती गवत काढून पालापाचोळ्याचं आच्छादन, बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण आणि पाण्याची सोय. पाईपलाईन नसेल तर रोपाशेजारी मातीचं मडकं पुरून, आठवड्यातून एक-दोनदा भरलं तरी रोप तग धरतं. बांध पेटवणं पूर्ण बंद करावं लागतं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदीसोबत चराईबंदीही केली, कारण एकाला ती पाळून उपयोग नसतो, गावानं पाळावी लागते.

तीन उन्हाळे काढले की झाड स्वतःचं बघतं. मग पिकाच्या बाजूनं दोन फूट खोल चर घेऊन मुळं तोडावीत आणि दरवर्षी खालच्या फांद्या छाटाव्यात.

सातबारा आणि तोडणी

ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरच्या झाडांची नोंद करण्याची सोय आहे. ती नोंद वेळच्या वेळी करावी. रस्ता किंवा तलावासाठी जमीन गेली तर झाडांचा मोबदला मागताना आणि तोडणीची परवानगी काढताना हीच नोंद कामी येते.

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. व्यापारी "परवानगीचं आम्ही बघतो" म्हणाला तरी कागद हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नये, कारण जमीन आणि नाव शेतकऱ्याचं असतं. २०१७ च्या दुरुस्तीनं शेतातला बांबू वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बाहेर काढला आहे.

मदत कुठं मिळते?

सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत रोपं मिळतात. रोजगार हमीतून होणाऱ्या लागवडीसाठी ग्रामपंचायतीत, फळझाडांसाठीच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेसाठी कृषी विभागाकडे चौकशी करावी. या योजनेचं अनुदान तीन वर्षांत हप्त्यानं मिळतं आणि झाडं जगवणं ही त्याची अट आहे. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे नियम विचारून घ्यावेत.

पाणी कमी असेल तर यंदा दहाच खड्डे घ्यावेत. दहा जगली तर पुढच्या मृगाला आणखी दहा लावता येतात.