बकासुराचा गाडा आणि कॅटनिसची चिठ्ठी

सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी सप्टेंबर २००८मध्ये आली आणि पुढच्या दोन वर्षांत 'कॅचिंग फायर' व 'मॉकिंगजे' येऊन मूळ त्रयी पूर्ण झाली. पॅनेम हा भविष्यातला देश. त्याची राजधानी श्रीमंत, आणि तिच्या धाकाखाली बारा डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची. बारा ते अठरा वर्षांची ही चोवीस मुलं शेवटचं एक उरेपर्यंत एकमेकांना मारतात आणि अख्खा देश ते टीव्हीवर बघतो. बघणं सक्तीचं असतं. धाकट्या बहिणीचं नाव निघतं तेव्हा सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागी पुढे होते. कथा तिथून सुरू होते.

या मालिकेबद्दल वाचकांनी गेल्या सतरा-अठरा वर्षांत जे बोलून ठेवलं आहे, त्याचाही आता एक इतिहास झाला आहे.

सुरुवातीचा आक्षेप नकलेचा होता. कोशुन ताकामी यांच्या 'बॅटल रोयाल' (१९९९) या जपानी कादंबरीत सरकार शाळेचा एक वर्ग बेटावर नेऊन सोडतं आणि मुलांना एकमेकांना मारायला लावतं. साम्य उघड होतं, त्यामुळे अनेकांनी चोरीचा शिक्का मारून टाकला. आपलं लिखाण पूर्ण होईपर्यंत ते पुस्तक ऐकलंही नव्हतं, असं कॉलिन्स यांनी सांगितलं. त्यांनी मूळ म्हणून दाखवली ती थीसियसची ग्रीक कथा, म्हणजे मिनोटॉरचं भक्ष्य म्हणून पाठवल्या जाणाऱ्या अथेन्सच्या मुलामुलींची. शिवाय एका रात्री चॅनेल बदलताना रिअ‍ॅलिटी शो आणि इराक युद्धाची दृश्यं त्यांच्या नजरेपुढे एकमेकांत मिसळली, तेही एक निमित्त.

दुसरा आक्षेप पालकांचा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी सर्वाधिक हरकती घेतल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढते. त्यात ही मालिका २०१०, २०११ आणि २०१३मध्ये होती. मुख्य तक्रार हिंसेची. फास्टर फेणेवर वाढलेल्या मराठी वाचकाला मात्र दुसरंच काही खटकू शकतं. बनेशला चोर सापडला की तो पोलिसांच्या हवाली करता येतो. कॅटनिसच्या जगात चिठ्ठ्यांच्या भांड्याभोवती पहारा असतो तोच शिपायांचा.

थीसियसपर्यंत पोचलेली ही चर्चा आपल्याकडे आली तेव्हा एकचक्रेला जायला हवी होती. आदिपर्वातली बकवधाची कथा आपण लहानपणी ऐकतो ती भीमाच्या खादाडपणासाठी. गाडाभर भात, दोन रेडे आणि तो गाडा नेणारा माणूस, हा बकासुराचा वाटा. घराघराची पाळी ठरलेली. पण मूळ कथेत भीम पुढे येण्याआधी त्या ब्राह्मणाच्या घरातलं संभाषण आहे आणि ते फार वेगळं आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. बाप राजाला दोष देतो, कारण तो प्रजेचं रक्षण करत नाही. आणि एक वाक्य तो सहज बोलून जातो: माझ्या जागी पाठवायला माणूस विकत घ्यावा, तर माझ्याजवळ पैसा नाही. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा होता, त्याची पाळी दुसऱ्याच्या जिवावर निभावत असणार. पॅनेममध्येही गरीब घरातली मुलं वर्षभराच्या धान्यतेलासाठी आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या भांड्यात टाकतात. चिठ्ठी सगळ्यांसाठी सारखी, हे नुसतं बोलायला. मालिकेला 'प्रेमाचा त्रिकोण' म्हणून हसणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हा हिशेब सुटतो.

ही एकचक्रा कुठली, यावर गावोगाव दावे आहेत. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल स्वतःला एकचक्रा म्हणवतं. तिथे पांडववाडा आहे, जवळच पद्मालय आहे. बोम्मसंद्र्यात बसून हे लिहिताना मला जवळची एकचक्रा म्हणजे चिंतामणी तालुक्यातलं कैवारा. शंभर किलोमीटरच्या आत. बकासुर तिथल्या डोंगरावर मारला गेला असं लोक सांगतात. बोम्मसंद्रा स्वतः होसूर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. ऑगस्ट २०२५मध्ये इथवर मेट्रोची पिवळी मार्गिका आली आणि तिच्या शेवटच्या स्थानकाच्या नावात एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं नाव आहे. पॅनेममध्ये डिस्ट्रिक्टची ओळख तिथल्या उत्पादनावरून ठरते: बारावा कोळशाचा, अकरावा शेतीचा, तिसरा इलेक्ट्रॉनिक्सचा. साम्य इतकंच, ताणण्यात अर्थ नाही. पण ही पुस्तकं वाचलेला माणूस त्या स्थानकावर उतरताना मनात हसणारच.

एकचक्रेची कथा संपते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. भीम बकाला मारतो, प्रेत नगराच्या वेशीशी टाकतो आणि गुपचूप निघून जातो. सकाळी लोक जमतात आणि आधी हिशेब करतात, काल पाळी कुणाची होती? मग त्या ब्राह्मणाकडे चौकशी, मग उत्सव. इतकी वर्षं आपण गाडे का भरत होतो, हे कुणी विचारत नाही. पाहुणा आला, त्याने काम केलं.

'मॉकिंगजे'वर २०१०मध्ये नाराज झालेले वाचक मला या गावकऱ्यांसारखे वाटतात. त्यांना भीम हवा होता. मिळाली ती खचलेली, औषधांच्या गुंगीतली, दोन्ही बाजूंच्या प्रचारात वापरली गेलेली मुलगी. जिला वाचवण्यासाठी हे सगळं सुरू झालं, ती बहीणही शेवटी मरते. मग बंडखोरांची नेता कॉइन सुचवते, की राजधानीच्या मुलांचा एक शेवटचा खेळ घ्यावा. कॅटनिस 'हो' म्हणते, आणि नंतर बाण सोडते तो कॉइनवरच. ते 'हो' खरं की डाव, यावर वाचक अजून भांडतात. मला ते खरं असण्याची शक्यता पुसून टाकता येत नाही आणि म्हणूनच तो शेवट पटतो.

चित्रपट २०१२मध्ये आला तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. रू या चिमुरडीच्या भूमिकेत कृष्णवर्णीय मुलगी पाहून काही चाहत्यांनी ट्विटरवर राग काढला. पुस्तकात तिचा वर्ण गडद तपकिरी असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिच्यासाठी रडताना त्यांनी तिला मनातल्या मनात गोरी करून घेतलं होतं.

आणि थायलंड. मे २०१४च्या लष्करी उठावानंतर बँकॉकमध्ये लोक तीन बोटं उंचावू लागले. कादंबरीत ती कोळशाच्या डिस्ट्रिक्टमधली एक जुनी खूण आहे, आभाराची, आदराची, आवडत्या माणसाच्या निरोपाची. लष्कराने अटकेची तंबी दिली. नोव्हेंबरमध्ये खोन केन इथे पाच विद्यार्थ्यांनी पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांच्यासमोरच ती खूण केली आणि त्यांना नेण्यात आलं. त्याच सुमारास 'मॉकिंगजे'चा चित्रपट लागायचा होता, तर बँकॉकमधल्या एका सिनेमागृहसमूहाने त्याचे खेळ रद्द केले. म्यानमारमध्ये २०२१च्या उठावानंतर तीच बोटं रस्त्यावर दिसली, आणि २६ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्या देशाचे राजदूत क्यॉ मो टुन यांनीही ती वर केली.

एकचक्रेतल्या त्या घरात एक लहान मुलगाही होता. आईबाप रडत असताना त्याने गवताची काडी उचलली आणि बोबड्या शब्दांत म्हणाला, हिने मी राक्षसाला मारीन. घरचे रडता रडता हसले, एवढंच व्यास सांगतात, आणि कथा कुंतीकडे वळते.