गजावरची खूण

सारोळ्याला महामार्गावर एसटीतून उतरलं की समोर नीरेचा पूल दिसतो. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. पश्चिमेकडे वळलात तर भोर, आणि त्याच्याही मागे रोहिडा, राजगड, तोरणा. पूर्वेच्या अंगाला पुरंदरची रांग. या पट्ट्यात माझं आजोळ आहे. त्या घराच्या माजघरात खुंटीवर एक लांबलचक बंदूक टांगलेली असायची. ठासणीची.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बंदूक फोनवरच्या गेममध्ये पाहिली असेल. तिथे ‘रीलोड’ दाबलं की दोन सेकंदांत काम होतं. आजोबांना एक बार भरायला मिनिटभर तरी लागायचं. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग शिशाची गोळी, पुन्हा बोळा, आणि लांब गजाने सगळं ठासायचं. शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. तोवर भुईमुगातलं रानडुक्कर वाट बघत थांबत नसे, त्यामुळे बंदूक आधीच भरून ठेवलेली असे.

त्या गजाला एका जागी लाल दोरा बांधलेला होता. बार नीट भरला असेल तर गज नळीत घातल्यावर दोरा तोंडाच्या दोन बोटं वर राही. जास्त वर राहिला तर दारू जास्त पडली, किंवा आधीचा बार तसाच आत आहे आणि आपण त्यावर दुसरा भरतोय. नळी फुटायची ती अशा वेळी. भरणाऱ्याचा चेहरा नळीपासून वीतभर अंतरावर असतो, तेव्हा तो दोरा म्हणजे घरातल्या माणसाचे डोळे शाबूत राहण्याची हमी होती.

एकदा मामाने शहरातून नवी दारू आणली. माप तेच, पितळेचं, पिढीजात. तो ओतणार इतक्यात आजोबांनी चिमूटभर दारू तळहातावर घेऊन बोटाने चोळली, आणि म्हणाले, “दाणा बारीक आहे. निम्म्यापासून सुरू कर.” मामा हिरमुसला. मला तेव्हा काहीच कळलं नाही. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं, की बंदुकीच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट आजोबा दोन वाक्यांत सांगून गेले होते. दारू बदलली की जुनं माप खोटं होतं.

*

काळी दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा. पण नुसत्या मिश्रणावर काम भागत नाही. तिचा दाणा किती मोठा, यावर ती किती वेगाने पेटते ते ठरतं. मोठा दाणा सावकाश जळतो आणि गोळ्याला ढकलत नेतो. बारीक दाणा एकदम भडकतो. म्हणून तोफेला जाड दाणा, बंदुकीला त्याहून बारीक, आणि नळीच्या कानात घालायची रंजक सगळ्यांत बारीक. तोफेच्या नळीत एकदम भडकणारी बारीक दारू भरणं धोक्याचं, आणि जाड दाणा कानात चटकन पेट घेत नाही.

ही दारू पाण्याला भिते. हवेतला ओलावा ओढून घेते. वेल्ह्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. तोड्याच्या बंदुकीत तर जळती वात हाताशी लागे, आणि मृगाच्या सरीत ती वात किती वेळ टिकणार? दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत, त्यामागे उतरलेल्या नद्या आणि हाती आलेलं पीक ही कारणं होतीच. कोरडी दारू हेही एक होतं.

राजगडाच्या पद्मावती माचीवर दारूकोठाराचे अवशेष आहेत. ट्रेकला गेलात की फोटो काढून पुढे जाता. पुढच्या वेळी थोडं थांबा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमाराच्या ग्रंथात, दारूखाना कसा राखावा याच्या सूचना आहेत. तो राहत्या घरांपासून लांब असावा. दारू जमिनीला न टेकवता माचावर ठेवावी. सर्दी लागू देऊ नये. ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, ऊन दाखवावं आणि पुन्हा मुद्रा करून बंद करावेत. पहारा रात्रंदिवस असावा. वाचताना वाटतं, ही एखाद्या कारखान्याची सुरक्षा-नियमावली आहे. ती लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की शत्रू गडाखाली असतो, पण दारू गडाच्या पोटात असते. १६६५ साली दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला, तेव्हा लढत्या बुरुजात साठवलेली दारू भडकली आणि गडावरचीच माणसं उडाली.

कोणती दारू आणि कोणती गोळी, हे ठरवायला ती आधी मिळायला हवी. शोरा हिंदुस्थानात मुबलक होता. बिहारचा शोरा इंग्रज आणि डच जहाजं भरभरून युरोपात नेत. शिसं मात्र बाहेरून यायचं, आणि ते आणणारेही हेच टोपीकर. म्हणजे आपल्या मातीतल्या शोऱ्यावर त्यांच्या तोफा चालत, आणि आपल्या बंदुकीची गोळी त्यांच्या वखारीतून येई. ही सोय किती महाग पडू शकते ते १६६० साली पन्हाळ्याखाली दिसलं. राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले आणि गडावर मारा करायला स्वतः हजर झाले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. दारूगोळ्याचा व्यापारी तटस्थ राहत नाही, हा धडा दोन्ही बाजूंना मिळाला.

*

आता गोळीकडे येऊ. ‘बारा बोअर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचा अर्थ सोपा आहे. त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात बारा होतात. एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. बोअरचा आकडा जितका लहान, तितकं नळीचं तोंड मोठं.

पण गोळी नळीत नेमकी बसावी की सैल? इथे दोनेकशे वर्षं सैनिक अडकले होते. काळी दारू जळाली की नळीत काजळीचा थर बसतो. घट्ट गोळी चार-पाच बारांनंतर आत जातच नाही. सैल गोळी पटकन जाते, पण बाजूने धूर निसटतो आणि नेम चुकतो. त्यातून नळीला आतून पीळ असेल, म्हणजे रायफल असेल, तर गोळीने त्या पिळाला घट्ट धरायलाच हवं, नाहीतर ती फिरणार कशी?

१८४९च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिए नावाच्या अधिकाऱ्याच्या गोळीने हा तिढा सोडवला. गोळी लांबट आणि नळीपेक्षा किंचित लहान, बुडाशी पोकळ. आत जाताना सैल, दारू पेटली की बूड फुगून पिळाला घट्ट. याच कल्पनेवर .५७७ इंची एन्फिल्ड रायफल निघाली. तिचं काडतूस कागदी होतं. आत मोजलेली दारू, टोकाला गोळी, आणि गोळी सहज सरकावी, काजळी धरू नये म्हणून कागदाला चरबी. कागद दातांनी फाडायचा.

पुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. पण या बाजूने एकदा बघा. त्याआधीही सरकारी काडतुसात दारू मोजूनच येई. आता त्यात काय घातलंय हे विचारण्याची वेळ आली, आणि उत्तर द्यायला कुणी विश्वासाचं नव्हतं. चरबी गाईची की डुकराची, हे सांगणारा साहेब दुसराच. १८५७ची कारणं अनेक होती. ठिणगी मात्र एका तांत्रिक निवडीची होती, आणि ती ज्याच्या तोंडात जाणार होती त्याला विचारून केलेली नव्हती. (काडतूस हा शब्दही परकाच. पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आलेला.)

त्यानंतर माप मोजणारा हात झपाट्याने बदलला. १८१७ साली जिथे पेशवाईची लढाई झाली त्या खडकीत १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १८७८ साली शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं.

*

नेमक्या याच काळात अमेरिकेत उलटं चाललं होतं. तिथे पितळी काडतूस आलं, तरी घरोघरी लोक ते पुन्हा भरत. उडवलेली नळकांडी गोळा करायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजायची, शिसं ओतून केलेली गोळी दाबायची. काडतुसाच्या नावातच कृती असे. ‘.४५-७०’ म्हणजे .४५ इंची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. लष्कराच्या गोळीचं वजन ४०५ ग्रेन. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, त्या हिशेबाने गोळी सव्वादोन तोळ्यांची आणि दारू पाच माशांना थोडी कमी. कोणत्याही सोनाराच्या काट्यावर तोलता येईल असं हे गणित.

हे जाडं काडतूस १८८६च्या विंचेस्टरसारख्या लिव्हरच्या रायफलीत चालू लागलं. घोड्याखालची कडी खाली-वर केली की पुढचं काडतूस हजर. पण तिथे गोळी निवडताना वेगळीच मेख होती. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागोमाग एक झोपलेली असत. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेलं. गोळी टोकदार असेल तर दणक्याने टोपी पेटून रायफल हातातच फुटायची. म्हणून अशा रायफलीला चपट्या नाकाची गोळी. १८९५च्या विंचेस्टरमध्ये ब्राऊनिंगने काडतुसं पेटीत एकावर एक ठेवली, तेव्हा ही अडचण गेली. बंगळूरचे शिकारकथाकार केनेथ अँडरसन यांची आवडती .४०५ हीच.

आणि मग दारूच बदलली. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने धूर न करणारी दारू काढली. ब्रिटिशांचं कॉर्डाइट आलं. पुढे तेच निलगिरीत अरुवनकाडूला बनू लागलं. ही दारू थोडक्यात खूप जोर देते. घरी काडतूस भरणाऱ्यांनी जुन्या मापाने नवी दारू भरली, आणि चांगल्या रायफली फुटल्या, बोटं गेली. माप तेच होतं. आजोबांनी तळहातावर जे चोळून पाहिलं, ते या लोकांनी पाहिलं नव्हतं.

आपल्याकडे मात्र निवड सरकारची होती. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी बनली. १८९९ साली हेगच्या परिषदेने ती युद्धात निषिद्ध केली. १९०७ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खासगी दारूगोळ्यावर बंदी घातली. कारण, बंडखोरांच्या हाती गेलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्याच मापाची गोळी चालत होती. बंदुकांचे इंग्रज कारागीर मग .४७०, .४६५ अशी नवी मापं काढू लागले. शिकारी साहेबाच्या गोळीचा आकारही रयतेच्या भीतीने ठरला.

*

आज १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायलाही परवाना लागतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, आणि ते बरंच झालं. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या थोड्या ठासणीच्या बंदुका डोंगरातल्या गावांत उरल्या आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात.

आमची बंदूक आजोबा गेल्यावर कायमची जमा केली. गज तेवढा घरात राहिला. मामी त्याने माळ्यावरची जळमटं काढते. लाल दोरा अजून आहे, रंग उडालेला. मागच्या दिवाळीत मी तो हातात घेऊन मामाला विचारलं, दोरा कुठल्या दारूसाठी बांधला होता? जाड दाण्याच्या की बारीक?

मामाने दोऱ्यावर बोटं टेकवून पाहिली. “दोन बोटं,” तो म्हणाला. “पण ती त्यांची बोटं. माझी जाड आहेत.”