आरएसव्ही

रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, अर्थात आरएसव्ही. तान्ह्या बाळांना श्वसनाच्या आजाराने रुग्णालयात दाखल करावे लागते त्यामागचा हा सर्वांत प्रमुख विषाणू. र्‍हायनोव्हायरस, इन्फ्लूएंझा, पॅराइन्फ्लूएंझा, अ‍ॅडेनोव्हायरस आणि २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला मेटान्यूमोव्हायरस हे त्याचे सोबती; पण पहिल्या वर्षात त्याच्या जोडीला बसेल असा यांतला एकही नाही. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकांचे पडसे-खोकल्यावर निभावते. मुदतीआधी जन्मलेली, जन्मजात हृदयदोष किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेली बाळे अधिक धोक्यात असतात. तरीही दाखल होणार्‍या बाळांपैकी बहुतेक पूर्ण दिवसांची आणि आधी ठणठणीत असलेली असतात, हे विसरता येत नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेत पडसे झालेल्या चिंपांझींमध्ये हा विषाणू प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी तो बाल्टिमोरमधील आजारी बालकांमध्ये शोधून काढला.

विषाणू श्वासनलिकांच्या सर्वांत बारीक फांद्यांच्या अस्तरात वाढतो. अस्तराच्या पेशी मरून गळतात, सूज येते, चिकट स्राव साठतो आणि नळी बुजते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो, म्हणून मोठ्या माणसाला नुसता खोकला देणारी सूज तीन महिन्यांच्या बाळाचा श्वास कोंडते. हा ब्रॉन्किओलायटिस. सर्दीनंतर तिसर्‍या ते पाचव्या दिवशी त्रास बहुधा शिगेला पोहोचतो : छातीत घरघर, फुललेल्या नाकपुड्या, आत ओढल्या जाणार्‍या बरगड्या, दूध ओढताना लागणारी धाप. मुदतीआधी जन्मलेल्या बाळात कधी कधी श्वास मध्येच थांबणे हेच पहिले लक्षण असते.

उपचार साधे आहेत, पण चोवीस तास लक्ष मागणारे : नाक मोकळे ठेवणे, गरजेप्रमाणे ऑक्सिजन, दूध पिणे जमत नसेल तर नळीने दूध किंवा शिरेतून सलाइन, आणि काही बाळांना सीपॅप किंवा व्हेंटिलेटर. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. जिवाणूसंसर्गाची खूण असेल तरच ती द्यावीत. दम्याची वाफ आणि स्टेरॉइड यांचाही या आजारात नेमाने उपयोग होत नाही. तरी ‘काहीतरी स्ट्राँग औषध द्या’ हा नातेवाइकांचा आग्रह आणि त्यापुढे लिहिली जाणारी चिठ्ठी आजही सर्रास दिसते.

रुग्णालयात हा विषाणू एका खाटेवरून दुसर्‍या खाटेवर जातो तो मुख्यतः हातांनी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ कॅरोलिन हॉल यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आजारी बाळाला कुशीत घेणार्‍या सात स्वयंसेवकांपैकी पाच बाधित झाले. बाळाला न भेटता त्याच्याभोवतीच्या वस्तूंना हात लावून मग स्वतःचे नाक-डोळे चोळणार्‍या दहांपैकी चार. आणि खाटेपासून काही फुटांवर नुसते बसलेल्या चौदांपैकी एकही नाही. टणक पृष्ठभागावर विषाणू काही तास टिकतो. बालकक्षात प्रत्येक खाटेपाशी हात स्वच्छ करण्याची सोय हवीच, आणि ती वापरलीही जायला हवी.

प्रतिबंधाचा इतिहास दुःखद आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यास फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस अमेरिकेत बालकांना देऊन पाहिली. लस घेतलेल्या मुलांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला आणि दोन बालके दगावली. या धक्क्याने लससंशोधन कित्येक वर्षे मागे पडले. २०१३ मध्ये विषाणूच्या ‘एफ’ प्रथिनाची, पेशीत शिरण्यापूर्वीची, रचना उलगडली आणि वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये अमेरिकेने दोन साधनांना मंजुरी दिली : बाळाला एकदाच टोचायचे निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड, आणि गरोदर मातेला द्यायची लस, जिच्यामुळे आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. जागतिक आरोग्य संघटनाही आता या दोन्हींची शिफारस करते.

मात्र मरणारी बाळे या साधनांपासून सर्वांत दूर आहेत. २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले आरएसव्हीमुळे दगावली, असा अंदाज आहे. त्यांतली ९५ टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती, आणि सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले. मेळघाटात आदिवासी गावांमध्ये दोन वर्षांखालील मुलांचा घरोघरी पाठपुरावा करून झालेला अभ्यास म्हणूनच मोलाचा : केवळ रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबले तर घरी दगावलेली बाळे हिशेबातच येत नाहीत.

घरच्यांनी बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षाखाली ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, बरगड्या आत जात असल्या, ओठ निळसर दिसले किंवा बाळाने दूध सोडले, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.