खंजिरी आधी, ग्रामगीता नंतर

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवर बोलणारे विद्वान खंजिरीपाशी आले की घाई करतात. ग्रामगीता, सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती यांवर तासभर बोलून झालं की एक वाक्य येतं: खंजिरी हे त्यांच्या प्रबोधनाचं साधन होतं. यवतमाळपासून वणीपर्यंतच्या व्यासपीठांवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला उत्तर देणं मला आता कर्तव्य वाटतं. महाराज संत होते, सुधारक होते, याबद्दल वाद नाही. पण ते विदर्भाचे एक थोर संगीतकारही होते आणि त्यांचा प्रभाव आधी नादाचा होता, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पूर्वपक्ष तसा तकलादू नाही. तो म्हणतो, या भजनांच्या चाली बऱ्याचदा प्रचलित गाण्यांवर बेतलेल्या, ठेका साधा, रागविस्तार नाही. मग शब्द वगळले तर उरतं काय? भजनाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ छापलेली असते, ती पुरावा म्हणून दाखवली जाते. पण हाच नियम मराठी रंगभूमीला लावून बघा. 1911 च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याच्या चाली घेतल्या, 1916 च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी वापरल्या. त्यांना कोणी उसनवार म्हणत नाही, आणि म्हणूही नये. चाल कुठून आली यापेक्षा ती गाणाऱ्याच्या गळ्यात काय झाली, हा संगीताचा प्रश्न आहे.

आता वाद्याकडे येऊ. लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत झांजा. ओलसर हवेत कातडं सैल पडतं, मग ते शेकोटीवर धरून चढवावं लागतं. दक्षिणेत याच कुळातलं कंजिरा पुदुकोट्टईच्या मामुंडिया पिळ्ळैंनी मैफिलीत आणलं. कडं धरलेल्या हाताच्या बोटांनी कातडं दाबून नाद खालीवर करण्याची तिथली कला मृदंगाच्या शेजारी मानाने बसते. तिथे ज्याला शास्त्र म्हणतात, त्याच्या भावंडाला आपण ‘साधन’ म्हणून बाजूला सारतो.

खंजिरीची निवड किती नेमकी होती, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उभं राहिलं की कळतं. पुसद-दिग्रसकडे बंजारा तांड्यावर होळीला डफावर लेंगी गीतं रंगतात. केळापूर-मारेगावकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, ढोलाचा नाद वेगळाच. वारकऱ्यांचं भजन टाळ-मृदंगाशिवाय उभं राहत नाही. मृदंगाला शिकलेला पखवाजी लागतो. हलगी, डफडं ही वाद्यं गावगाड्याने विशिष्ट जातींच्या गळ्यात बांधली. खंजिरी मात्र कोणाच्याही हातात शोभते. ज्याला गाव एका ओळीत बसवायचं आहे, त्याने असं जातीचं ओझं नसलेलं वाद्य उचललं. ही संगीतकाराची जाण आहे. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं देवळाच्या ओट्यासमोर बसतात. एकटा आवाज पद उचलतो, धृपदावर मागचे सगळे तुटून पडतात, लय चढते, झांजा चकाकतात. ध्वनिक्षेपक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल असा महाराजांचा पहाडी आवाज आणि खंजिरीची तीक्ष्ण थाप एकमेकांसाठीच घडल्यासारखी होती.

विचार आधी आणि संगीत मागून, हे म्हणणं कालक्रमातही टिकत नाही. ग्रामगीता 1955 ची. गुरुकुंज आश्रम 1935 चा. 1936 मध्ये महाराज सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले, तेव्हा त्यांच्या हाती कोणता ग्रंथ होता? भजन होतं. 1942 च्या ‘चले जाव’ लढ्यात चिमूर-आष्टी पेटल्यावर इंग्रज सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ग्रामगीतेला अजून तेरा वर्षं अवकाश होता. सरकारला जी धास्ती होती ती गाणाऱ्या माणसाची आणि त्याच्यामागे गाणाऱ्या गावांची.

घराण्याची कसोटी लावायची तर तीही लावा: ओळखू येणारा नाद हवा आणि तो पुढे नेणारे हवेत. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात. ‘सप्तखंजिरी’ हा शब्दच त्यांच्यामुळे रूढ झाला. थाप पडताच डोळे मिटलेला वऱ्हाडी माणूसही सांगतो की हे गुरुदेवाचं, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं भजन. इतकी ठसठशीत ओळख किती मैफिली गायकांना लाभली?

नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव आहे. यवतमाळची महाविद्यालयं ज्या अमरावती विद्यापीठात मोडतात, त्याला कीर्तनाने रान उठवणाऱ्या गाडगेबाबांचं. विदर्भाची ही दोन विद्यापीठं लोकांसमोर उभं राहून गाणाऱ्या दोन माणसांच्या नावाची आहेत. तिथल्या संगीत विभागांनी गावोगावच्या जुन्या खंजिरीवाल्यांकडे जावं. कड्याचा व्यास मोजावा, कातडं कोणतं ते लिहावं, धृपद परतताना थाप कुठे पडते याचं स्वरलेखन करावं. हे वाजवणारे हात अजून आहेत, पण ते सत्तरी ओलांडलेले आहेत.