शाईने काढलेली सर्किटे

सर्किटमधल्या जोडण्या तारांऐवजी शाईने छापण्याची कल्पना तांब्याचे छापील सर्किट बोर्ड (पीसीबी) रूढ होण्यापूर्वीची आहे. अमेरिकेत चार्ल्स ड्यूकस यांना १९२५ मध्ये जे पेटंट मिळाले, त्यात विद्युतरोधक पट्टीवर स्टेन्सिल ठेवून वाहक पेस्टने रेषा उमटवण्याची रीत सांगितली होती.

दुसऱ्या महायुद्धात ही रीत कारखान्यात उतरली. लक्ष्याजवळ पोचताच स्फोट घडवणारा रेडिओ फ्यूज मोर्टारच्या लहानशा गोळ्यात बसवायचा, तर तारांना जागाच उरत नव्हती. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ही सरकारी संस्था आणि मिलवॉकीच्या ग्लोब-युनियन कंपनीचा सेंट्रलॅब विभाग यांनी त्यावर तोड काढली. शंखजिऱ्यापासून बनणाऱ्या स्टिअटाइटच्या पातळ पट्टीवर जाळीतून चांदीची शाई छापायची, भट्टीत भाजायची आणि रेझिस्टरही कार्बनच्या शाईनेच छापायचे. युद्धानंतर, १९४७ मध्ये, ब्यूरोचे क्लेडो ब्रुनेट्टी आणि रॉजर कर्टिस यांनी छापील सर्किटांच्या तंत्रांवर परिपत्रक काढले. त्यात रंगवणे, फवारणे, ठसा मारणे अशा पद्धतींची सविस्तर माहिती होती. त्यामुळे युद्धकाळातले हे ज्ञान रेडिओ बनवणाऱ्यांपर्यंत पोचले.

तरीही बाजी मारली ती अभियंते पॉल आयस्लर यांच्या मार्गाने: पट्टीवर तांब्याचा पत्रा चिकटवायचा आणि नको तेवढा रसायनाने खाऊन टाकायचा. याचे मूळ शाईच्या घडणीतच आहे. शाईत धातूचे कण सुटे असतात आणि त्यांच्यामध्ये त्यांना धरून ठेवणारा बाइंडर असतो. नुसती वाळलेली रेष वीज जेमतेम वाहून नेते. चांगली वाहकता हवी तर उष्णता देऊन कण एकमेकांत सांधावे लागतात. सिरॅमिक ती आच सोसते, कागद आणि बेकेलाइट सोसत नाहीत. म्हणून शाई उष्णता सोसणाऱ्या वस्तूंवर टिकून राहिली. १९६४ च्या आयबीएम सिस्टीम/३६० मधली अर्ध्या इंचाची सिरॅमिक मोड्यूल, मोटारीच्या मागच्या काचेवरच्या तापणाऱ्या रेषा, सौर सेलवरची चांदीची जाळी ही त्याची उदाहरणे. पुण्याच्या सी-मेट संस्थेतही अशा पेस्टवर संशोधन झाले आहे.

नमुना सर्किट बनवणाऱ्याला मात्र या भट्टीचा उपयोग नव्हता. त्याच्या हाती ब्रेडबोर्ड किंवा तांबे खाऊन टाकणाऱ्या फेरिक क्लोराइडची बशी एवढेच. हे चित्र पालटायला एकविसावे शतक उजाडावे लागले. २००९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या बेअर कंडक्टिव्ह कंपनीने कार्बनचा, ब्रशने लावता येणारा रंग आणला. त्याचा रोध बराच असल्याने एलईडी किंवा स्पर्शाच्या बटणापुरता तो पुरे. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जेनिफर लुईस आणि जेनिफर बर्नहार्ड यांच्या गटाने रोलरबॉल पेनात चांदीची शाई भरून कागदावर चालती सर्किटे काढली.

खरा अडसर दूर केला तो २०१३ च्या एका प्रयोगाने. टोकियो विद्यापीठाचे योशिहिरो कावाहारा, मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह हॉजेस आणि जॉर्जिया टेकचे ग्रेगरी अबाउड यांच्या चमूने साध्या इंकजेट प्रिंटरच्या काडतुसात चांदीच्या नॅनोकणांची शाई भरली. फोटो छापण्याच्या गुळगुळीत कागदावर ती पडली की लेपामुळे कण आपसूक सांधले जातात. आच लागतच नाही. काही क्षणांत रेष वीज वाहू लागते. झेरॉक्सच्या कागदावर हे साधत नाही, कारण शाई तंतूंत शोषली जाऊन कण विखुरतात.

सुटे भाग बसवण्याची अडचण उरलीच. तापलेल्या सोल्डरमध्ये चांदीचा पातळ थर विरघळतो, शिवाय कागदही करपतो. म्हणून या चमूने वाहक चिकटपट्टी आणि वाहक इपॉक्सी वापरले. कॅनडातील व्होल्टेरा कंपनीने २०१५ मध्ये वेगळी वाट धरली: त्यांचे टेबलावर मावणारे यंत्र पीसीबीच्या कोऱ्या पट्टीवर सुईने शाई सोडते, ती तापवून पक्की करते, कमी तापमानाला वितळणारी सोल्डर पेस्ट घालते आणि भाग जोडण्यासाठी पट्टी पुन्हा तापवते. जास्त करंट वाहणारे आणि अनेक थरांचे बोर्ड मात्र अजून बहुतेक तांब्यावरच बनतात.