कल्याणच्या बत्तीस तबकड्या

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण 1965 साली कल्याणजवळ उभी राहिली. तिच्या 32 तबकड्यांनी त्याआधी बराच प्रवास केला होता. सिडनीजवळच्या पॉट्स हिल जलाशयाच्या काठी रेडिओ खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टियनसन यांनी त्या सूर्यनिरीक्षणासाठी मांडल्या होत्या. 1953 साली कोलंबो योजनेतून तिथे गेलेल्या गोविंद स्वरूप यांचे हात याच यंत्रावर बसले. पुढे तबकड्या मोडीत निघणार असे दिसताच स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओने त्या देऊनही टाकल्या. घोडे अडले ते जहाजभाड्यापाशी. अखेर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पोचल्या, तेव्हा त्या लावायला स्वरूप नव्हते, ते अमेरिकेत होते. होमी भाभांनी 1962 साली रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढायचे ठरवले, 1963 साली स्वरूप परतले आणि तबकड्या टाटा संस्थेकडे आल्या.

मुंबईतल्या विजेच्या खरखरीत असले यंत्र चालणे अवघड. कल्याण रेल्वेने सुमारे 54 कि.मी.वर, म्हणजे गोंगाटापासून दूर आणि तरी रोज जाण्यायेण्याच्या टप्प्यात. तिथे पूर्व-पश्चिम 630 मीटरांच्या रांगेत 24 आणि दक्षिणोत्तर 256 मीटरांत 8 तबकड्या बसवल्या. एकेका तबकडीचा व्यास जेमतेम 1.8 मी., कंप्रता 610 मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी 49 सें.मी. एकटी तबकडी सूर्याचे बिंब नीट वेगळेही काढू शकत नाही. पण सगळ्यांचे संकेत एकत्र केले की आकाशात अरुंद पट्ट्यांची माळ तयार होते. पूर्व-पश्चिम रांगेत अशा दोन पट्ट्यांमधले अंतर साधारण एक अंश, सूर्यबिंबाच्या दुप्पट. त्यामुळे एका वेळी एकच पट्टी सूर्यावर असते. तबकड्या सूर्याकडे रोखून ठेवायच्या; बाकीचे काम पृथ्वीचे फिरणे करते. सूर्य दर चार मिनिटांच्या आसपास एक पट्टी ओलांडतो आणि प्रत्येक वेळी त्याचा एक छेद नोंदला जातो.

सूर्य तेव्हा डागांच्या किमान काळातून नुकताच बाहेर पडत होता. शांत सूर्य पाहायला याहून चांगली वेळ नव्हती. दृश्य प्रकाशात सूर्याची कड मध्यापेक्षा अंधुक दिसते. कल्याणच्या नोंदींत ती उजळ निघाली आणि कोरोनाचे, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणाचे, तापमान दहा लाख अंशांच्या घरात आले. कारण सरळ आहे: कडेकडे पाहताना नजर तप्त कोरोनातून जास्त लांब जाते. स्वरूप, कपाही, इस्लूर आणि सिन्हा यांचा हा निष्कर्ष 1966 साली ‘नेचर’मध्ये छापून आला.

ताऱ्याचा रेडिओ आकार तरंगलांबीवर ठरतो, हे यातले मर्म. तरंग जितका लांब तितका बाहेरचा थर दिसतो. हेच सूत्र 1975 साली राइट-बार्लो आणि पनाजिया-फेली या जोड्यांनी अतिवजनदार ताऱ्यांच्या वाऱ्यांना लावले. रेडिओ तेज आणि वाऱ्याचा वेग कळला की तारा वर्षाला किती वायू गमावतो ते मांडता येते. सूर्याला वारा सुटतो तो तापलेल्या कोरोनाच्या दाबाने, आणि तो नगण्य असतो. पी सिग्नीसारख्या रूपविकारी ताऱ्याचा वायू खुद्द प्रकाशाच्या रेट्याने ढकलला जातो. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या एक लाखांशाहून जास्त. असे तारे एडिंग्टन मर्यादेच्या काठावर उभे असतात. प्रकाशाचा रेटा गुरुत्वाला भारी पडला की बाहेरचे थर सुटू लागतात. जोरदार स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याला ही मर्यादा आणखी लवकर गाठते, कारण विषुववृत्तावर गुरुत्व आधीच कमी झालेले असते. 1924 साली फॉन झाइपेल यांनी दाखवल्याप्रमाणे अशा ताऱ्याचे ध्रुव जास्त तप्त राहतात, म्हणून वाराही ध्रुवांकडून जोरात सुटू शकतो. ईटा कॅरिनीभोवतीच्या दोन फुग्यांचे एक स्पष्टीकरण हे आहे. 1843 साली हा तारा अगस्त्यालाही मागे टाकून व्याधाखालोखाल तळपत होता. त्या उद्रेकात त्याने निदान दहा सूर्यांइतके द्रव्य फेकले.

कल्याणची दुर्बीण 1968च्या सुमारास थांबली. तोवर उटीजवळ 530 मीटर लांबीच्या दुर्बिणीचे काम सुरू झाले होते. ती 1970 साली चालू झाली आणि दूरच्या रेडिओस्रोतांच्या लुकलुकीवरून सौरवात मोजू लागली. कल्याणला तयार झालेली माणसेच तिच्या कामात होती, आणि कल्याणचे खरे उत्पन्न तेच म्हणावे लागेल. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या खोडदला 45 मीटरांच्या 30 तबकड्या आल्या. पी सिग्नी त्यांच्या आवाक्यात आहे. ईटा कॅरिनी मात्र नाही: एप्रिलअखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम अकरा अंश चढतो आणि खोडदच्या तबकड्या तितक्या खाली वाकत नाहीत. साडेपाच वर्षांच्या फेऱ्यात त्याचे रेडिओ तेज कसे वाढते-घटते, ते ऑस्ट्रेलियातल्या नॅराब्राय येथील दुर्बिणींनी टिपले.