पतगुणांक (भारत)

पतगुणांक म्हणजे व्यक्तीने पूर्वीची कर्जे कशी फेडली यावरून काढलेला तीन अंकी आकडा होय. भारतात तो ३०० ते ९०० या दरम्यान असतो. २००० साली स्थापन झालेल्या सिबिल या संस्थेवरून व्यवहारात त्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. वस्तुतः रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या अशा चार कंपन्या आहेत.

हप्ते थकल्यास गुणांक घसरतो. अडचणीतील कर्जदार घाईने अनेक ठिकाणी अर्ज करतो, तेव्हा प्रत्येक धनकोच्या चौकशीची नोंद होऊन तो आणखी खाली येऊ शकतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने मात्र तो घटत नाही. तडजोडीने कमी रकमेत मिटवलेले कर्ज पूर्ण फेड मानले जात नाही, ही बाब पुष्कळांना नवे कर्ज नाकारले गेल्यावरच कळते. उत्पन्नाचा मोठा भाग चालू हप्त्यांत जात असल्यास चांगला गुणांकही पुरेसा ठरत नाही.

बँकेने नाकारलेले कर्जदार बहुधा सोनेतारणाकडे किंवा सावकाराकडे वळतात. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी २०१४ च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चुकीच्या नोंदीविषयीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.